वेशीबाहेरच्या गाड्या

काशीच्या गादीवर राजा उग्रसेन होता, तेव्हाची गोष्ट. बोधिसत्त्व त्या वेळी शिंशपा नावाच्या बाजारगावी एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता.

गावात रंगारी, तेली, कुंभार, कासार यांच्या आळ्या होत्या. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांचे प्रमुख श्रेष्ठी भद्रक वेशीजवळच्या ओट्यावर येऊन बसत. मग नगारा वाजे आणि खरेदी सुरू होई. नगाऱ्याआधी कोणी वेशीबाहेर जाऊन माल घेतला, तर त्याची तागडी उंबऱ्यावर आपटून मोडत आणि त्याला गावाबाहेर काढत. श्रीमंतांनी धान्य वाटेतच उचलून गरिबांना महाग विकू नये, म्हणून हा नियम केलेला होता. नियम चांगला होता.

मग दुष्काळ पडला. बोधिसत्त्वाने आपले कोठार वाटून रिकामे केले. लोक झाडपाला उकडून खाऊ लागले. अखेर डोंगराकडून धान्याच्या गाड्या आल्या आणि वेशीबाहेर थांबल्या. पण श्रेष्ठी भद्रक तापाने बेशुद्ध पडले होते. ते जिवंत असताना त्यांच्या जागी दुसऱ्याने बसणे म्हणजे त्यांचे मरण चिंतणे, असे वडीलधारे मानत. ओटा रिकामा राहिला. नगारा वाजला नाही.

रंगाऱ्याची विधवा चुंदी बोधिसत्त्वाच्या दाराशी आली. तिची लहान मुलगी अंथरुणाला खिळली होती.

"दादा, गाड्या बाहेर आणि आम्ही आत वास घेत बसायचं? नुसत्या वासानं पोर जगली असती, तर तुमच्या दाराशी आले नसते."

बोधिसत्त्व वडीलधाऱ्यांकडे गेला. त्यांच्यात नंदिसेन सर्वांत मोठा होता.

"काका, आज बाजार उघडा. गाडीवाल्यांच्या बैलांना चारा उरलेला नाही. उद्या ते निघून जातील."

"थांबायला शीक जरा," नंदिसेन म्हणाला. "तुझ्या वयाचे असताना आम्ही मोठ्यांपुढं तोंड उघडत नव्हतो."

"तुम्ही माझ्या वयाचे होतात तेव्हा घरात धान्य होतं, काका."

"जीभ फार चालते तुझी! भद्रक शुद्धीवर आले आणि म्हणाले, माझ्या जागी कोण बसलं? काय सांगू?"

"ते विचारतील तेव्हा मी उत्तर देईन. चुंदीची पोर आत्ता विचारते आहे. तिला काय सांगू?"

आणखी एक दिवस वाट पाहावी, असे ठरले. बोधिसत्त्वानेही तो दिवस वाट पाहिली.

पहाटे गाड्या जुंपलेल्या पाहून तो घरातली तांब्याची भांडी आणि आपले बैल घेऊन वेशीबाहेर गेला.

"शेट, तागडी मोडतील हो तुमची," गाडीवाला म्हणाला.

"मोडू देत. तोवर मापून घे."

त्या मोलात एका गाडीचे धान्य मिळाले. बाकीच्या गाड्या पुढच्या गावी निघून गेल्या. बोधिसत्त्वाने आळीआळीत धान्य वाटले. चुंदीच्या दारी पोहोचला तेव्हा चूल थंड होती आणि मुलगीही. चुंदीने पदर पसरून धान्य घेतले, शेजारणीच्या भांड्यात ओतले आणि दार लावले.

दुपारी वेशीत वडीलधारे जमले. तेवढ्यात निरोप आला, की श्रेष्ठी भद्रक आदल्या रात्रीच वारले. रडारड नको म्हणून घरच्यांनी दुपारपर्यंत सांगितले नव्हते. तरीही नंदिसेनाने बोधिसत्त्वाची तागडी उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. बोधिसत्त्व रिकाम्या हातांनी गाव सोडून गेला. त्या दिवशी नंदिसेन ओट्यावर बसला आणि नगारा वाजला. वेशीबाहेर एकही गाडी नव्हती.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगितली, कारण त्या दिवशी एका आजारी भिक्षूला कोणी पेज दिली नव्हती. सर्वांत ज्येष्ठ भिक्षू थेर उत्तिय भिक्षाटनाहून परतले नव्हते आणि त्यांच्याआधी कोणी अन्नाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत होती.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिसेन म्हणजे आजचा उत्तिय. ते वडीलधारे म्हणजे तुम्ही. वाट पाहण्यात एक दिवस घालवणारा तो व्यापारी मीच होतो. त्या जन्मी करुणा माझ्यापाशी होती, पण ती एक दिवस उशिरा उठली. आणि चुंदीची मुलगी म्हणजे आज त्या कोपऱ्यातल्या कुटीत तापाने पडलेला भिक्षू. या वेळी तो अजून जिवंत आहे. उठा, पेज घेऊन जा."