गुणाजीची भाडेपावती

एका गावात एक भोळा भाडेकरू होता. नाव गुणाजी. बायको कौतिका शहाणी होती, पण लग्न आधीच होऊन गेलं होतं.

घरमालकीण गोदूकाकू एक दिवस म्हणाल्या, "गुणाजी, पुनवेपर्यंत भाडं दे, नाहीतर खोली सोड."

कौतिकाने ऐकलं होतं की गरिबाला भाड्यासाठी सरकार मदत देतं. तिने गुणाजीला कचेरीत धाडलं.

साहेबांनी विचारलं, "घर आहे?"

"हो." रात्री तो घरातच झोपायचा.

"शेत?"

"हो." रोज तो शेतातच राबायचा.

"मग मदत कशाला? चल, पुढचा कोण?"

कौतिकाने कपाळाला हात लावला. "अहो, ते सगळं दुसऱ्याचं! तिथे काय विचारलं तरी नाही म्हणायचं."

"बरं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पिशवी घेऊन त्याच्यामागे रांगेत उभी राहिली.

"स्वतःचं घर?"

"नाही."

"शेत?"

"नाही."

कौतिकाचा जीव भांड्यात पडला.

"भाड्याने राहतोस?"

"नाही."

"मग राहतोस कुठे?"

"नाही."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग मागे पिशवी धरून उभी आहे ती कोण?"

गुणाजीने वळून नीट पाहिलं. "नाही."

घरी जाताना कौतिका चार पावलं पुढे चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "आता तोंडच उघडू नका. मी हातापाया पडले म्हणून साहेब स्वतः घर बघायला येणार आहेत. त्यांना नुसती भाडेपावती दाखवा."

"बरं," गुणाजी म्हणाला.

साहेब आले. "गुणाजी तूच ना?"

गुणाजीने पावती दाखवली.

"घोटभर पाणी मिळेल?"

गुणाजीने पावती दाखवली. पाणी कौतिकाने दिलं.

साहेब पाणी प्याले, छपराकडे पाहिलं, उसासा टाकला. "नशीबवान आहात. मी बदलीवर आलोय, मला या गावात एक खोली मिळेना. कचेरीत टेबलावर झोपतो."

गुणाजीने त्यावरही पावती दाखवली.

"इतका गरीब माणूस मी पाहिला नाही," साहेब म्हणाले आणि तिथेच मदत मंजूर केली. जाताना बजावलं, "ही मदत भाडेकरूला आहे हं. भाडं भरणं थांबलं की मदत बंद."

गुणाजीने ते मनात पक्कं बसवलं.

पुनवेला गोदूकाकू गाठोडं घेऊन दारात आल्या. "लेकीचं बाळंतपण आलंय, वर्षभर तिकडेच राहीन. सांजेला घरात दिवा लावणारं कुणी हवं. तुम्ही राहा. भाडं नको, मागचंही सोडलं."

कौतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिरा करायचा म्हणून ती साखर आणायला धावली.

परत आली तर खोलीत ना चूल, ना अंथरूण. शोधत शोधत ती गावाच्या टोकाला पोचली. सावळाराम गवळ्याच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या मधे, गुणाजी अंथरूण घालत होता.

"अहो, हे काय?"

"मदत वाचवली!" गुणाजी आनंदाने म्हणाला. "तिथे भाडंच नको म्हणाल्या. भाडं नाही तर मी भाडेकरू कसला? इथे दुप्पट भाडं आहे. सावळाराम पावतीसुद्धा देतो."

कौतिकाने एका म्हशीचा आधार घेतला. "आणि ती खोली?"

"रिकामी कशी ठेवायची? साहेबांना दिली. बिचारे टेबलावर झोपत होते."

कौतिका जरा सावरली. साहेबाला पगार असतो. "भाडं तरी ठरवलंत का?"

"म्हणजे काय! त्यांनी विचारलं ना, भाडं घेणार का म्हणून."

"मग?"

"तू शिकवलं होतंस तेच." गुणाजीने उशी झटकली. "नाही म्हटलं."