उघाडीचा दांडा

एकदा एक तरुणी परदेशात शिकून मायदेशी परतली. घरी बॅग टाकली, आईची गाडी घेतली आणि ती थेट खाडीकाठच्या एका गावाकडे निघाली. त्या गावात एक वृद्ध गुरुजी राहतात, तिला जी दोन दुखणी आहेत तीच त्यांनाही आहेत, आणि तरीही दूरदूरची माणसे त्यांच्यापाशी मन मोकळे करायला येतात, असे तिने ऐकले होते. वाटेत तिने त्यांचे चित्र रंगवले होते. पांढरी दाढी, अर्धे मिटलेले डोळे, वारा नसलेल्या गाभाऱ्यातल्या ज्योतीसारखे स्थिर मन. प्रत्यक्षात तिला भेटला तो लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, चिखलाने माखलेला माणूस. तो बांधावर ओणवा होऊन एका खेकड्याला बिळातून हुसकत होता आणि त्याच्याशी तावातावाने बोलत होता. ओसरीच्या खुंटीला औषधांच्या गोळ्यांची पिशवी लटकत होती.

त्या पिशवीकडे पाहून तिचे मन खट्टू झाले, त्याला कारण होते. तिच्याही पर्समध्ये गोळ्यांचा डबा होता. गुरुजींकडून मार्ग कळला की तो डबा खाडीत सोडून द्यायचा, असे तिने विमानातच ठरवले होते.

डॉक्टरांनी तिच्या दुखण्यांना नावे दिली होती. एक मंत्रचळ. गाडी चालवून आली की तिला वाटे, आपण वाटेत कुणाला तरी धडक दिली. ती मागे फिरून रस्ता पाही, पुन्हा पाही, आणि शेवटी आईला फोन करी, "आई, मी कुणाला मारलं नाही ना?" आई म्हणे, "नाही गं राणी." तेवढ्यापुरते बरे वाटे. दुसरे दुखणे बायपोलर. कधी मन इतके खाली बसे की वेणी घालणेही जड जाई. आणि कधी ते असे उसळे की झोपेची गरज उरत नसे, आणि देशापुढचे सारे प्रश्न आपल्याचसाठी थांबून राहिले आहेत असे वाटे. एका दुखण्याचे औषध दुसऱ्याला डिवचण्याचा धोका होता, म्हणून डॉक्टर आधी मनाचे हे चढउतार स्थिर करू पाहत होते, मग मंत्रचळ. सारे जपून, हळूहळू. या हळूहळूचाच तिला वीट आला होता.

गुरुजींनी पाय धुतले आणि तिला गाव दाखवले. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांब बांध घातला होता. बांधात एक दार होते. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडायची, म्हणजे शेतात साचलेले पाणी खाडीत निघून जाते. भरती यायच्या आत ती मिटायची. तिची जाड फळी वर-खाली करायला एक लोखंडी दांडा लागे, आणि तो दांडा ज्याच्या हाती त्याच्या हाती साऱ्या गावाचे भात. गावाने तो गुरुजींना दिला होता.

"आणि आमचा एक दंडक आहे," गुरुजी म्हणाले. "उधाणाच्या दिवसांत बांधाला कुदळ लावायची नाही. गळती दिसली तर वरून दगड टाका, पेंढा टाका आणि थांबा. माती उकरायची ती पाण्याचा जोर ओसरल्यावर. आज उधाण आहे."

मग ओसरीवर बसून ते बोलू लागले, आणि तरुणीचे भान हरपले. हाच तो माणूस! खाडी, शेती, शाळा, माणसाचे मन, सारे ते एका धाग्यात ओवत होते. शब्द धावत होते, डोळे चमकत होते. तिलाही उत्तरे सुचत होती. दोघे मिळून नव्या शाळेचा आराखडा करू लागले.

एवढ्यात शेजारच्या अनसूयावहिनी खाडीतल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची टोपली घेऊन आल्या. टोपली पायरीवर ठेवून त्यांनी हात पुढे केला.

"भावोजी, दांडा."

गुरुजी वाक्याच्या मध्यावर थांबले. उठले, कोपऱ्यातला दांडा आणला आणि मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवला.

"गुरुजी, असा कसा दिलात?" तरुणी म्हणाली.

"तिने मागितला."

"काल रात्रभर ह्यांच्या घरात दिवा," वहिनी म्हणाल्या. "आणि उजाडताच कोळीवाड्यात जाऊन सांगत होते, मासे सोडा, मोत्यांची शेती करा."

"कल्पना काही वाईट नाही," गुरुजी म्हणाले.

"मागची तरी कुठे वाईट होती? तो बघ गो दगडांचा ढीग. एका साली अख्खी खाडी बुजवून बाग करणार होते. दगड आले, बाग राहिली. आता आम्ही त्यावर गोधड्या वाळवतो."

गुरुजी हसले. तरुणीला हसू आले नाही. वहिनींनी तिच्याकडे निरखून पाहिले.

"तू कधीपासून झोपली नाहीस गो?"

"प्रवास होता ना. मला थकवा नाही वाटत."

"हं," म्हणून वहिनी उघाडीकडे गेल्या.

त्या उघाडी मिटून आल्या आणि पायरीवर विळी मांडून तिसऱ्या फोडू लागल्या. खाडी चढू लागली, तसे गुरुजींचे बोलणे अडखळू लागले.

"वहिनी, फळी पुरती खाली गेली ना?"

वहिनी गप्प.

"मागे खाचेत काटकी अडकली होती. तशी अडकली असेल तर? वहिनी? सगळ्यांचं भात जाईल. माझ्यामुळे जाईल."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वहिनींनी मान वर केली नाही. फक्त विळी उचलून त्यांच्या जवळच्या पायरीवर आणली आणि तिथे बसून काम चालू ठेवले.

तरुणीला हे सहन होईना. एक शब्द बोलायला या बाईचे काय जाते? ती उठली, धावत जाऊन उघाडी पाहून आली आणि गुरुजींचा हात हातात घेऊन म्हणाली, "बंद आहे, गुरुजी. मी स्वतः पाहिली."

गुरुजींचा चेहरा एकदम निवळला. तिला धन्य वाटले.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "आता बघ."

"तू पाहिलीस," काही वेळाने गुरुजी म्हणाले, "म्हणजे अगदी तळापर्यंत?"

"हो, गुरुजी."

"पण तळ तर पाण्याखाली असतो."

ती पुन्हा जाऊन आली. "बंदच आहे."

"तुला उघाडीची माहिती नाही. बंद असलेली कशी असते हे तुला काय ठाऊक?"

ती आणखी एकदा गेली. परत आली तेव्हा तिचाच आवाज डळमळत होता, कारण आता तिलाही खात्री वाटेना. तो आवाज गुरुजींनी ऐकला मात्र, आणि ते उठून बांधाकडे चालू लागले. वहिनी विळी आडवी टाकून मागे धावल्या, तोवर ते फळीशी बसून दोन्ही हातांनी खाचेजवळची माती उकरत होते. त्यांना तळ पाहायचा होता. माती सैल झाली आणि तिच्यातून खाडीचे पाणी बारीक धारेने शेताकडे वाहू लागले.

वहिनींनी त्यांचे मनगट धरले. "भावोजी, उधाण आहे."

गुरुजींनी हात वर घेतले. मग तिघांनी मिळून त्या प्रसिद्ध ढिगातले दगड वाहिले, पेंढा दाबला. धार झिरपण्यावर आली आणि भरती फिरेपर्यंत तेवढीच राहिली. कडेच्या वाफ्यातली काही रोपे खाऱ्या पाण्यात गेली. बाकीचे शेत वाचले.

दिवेलागणीला तिघे चिखलाच्या हातांनी ओसरीवर बसले होते. तरुणीच्या डोळ्यांत पाणी होते.

"मी तर तुम्हाला धीर देत होते," ती म्हणाली.

"देत होतीस," गुरुजी म्हणाले. त्यांचा स्वर आता संथ होता. "वहिनीला गप्प राहायला मीच सांगून ठेवले आहे, मन ठिकाणावर असताना. माझ्या त्या प्रश्नाला उत्तर हवे असते असे वाटते, पण उत्तर मिळाले की त्या प्रश्नाची भूक वाढते. पहिल्या उत्तरानंतर तो तुझ्याकडे आणखी एक उत्तर मागत होता. शेवटी त्याने मला माती उकरायला लावली. उत्तर मिळाले नाही, तर तो माझ्यापाशी बसतो, मला छळतो आणि दमतो."

"दमेपर्यंत तुम्ही काय करता?"

"घाम पुसतो. वहिनी उत्तर देत नाही, पण उठूनही जात नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावते. कधी निभावत नाही."

तिच्या डॉक्टरांनी आईला हेच सुचवले होते. तेव्हा तिला ते निर्दय वाटले होते, आणि आईला तर ते ऐकणेही सहन झाले नव्हते.

"आणि दांडा?"

"तो केव्हा द्यायचा हे मी ठरवत नाही. जेव्हा द्यायला हवा, तेव्हाच मला वाटते की माझ्याइतका समर्थ रखवालदार दुसरा नाही. म्हणून मागायचे तिने, द्यायचे मी. आज तिने मागितला. माझे हात मात्र माझ्याजवळच राहिले, त्यांचे काही करता आले नाही."

"मागितल्यावर दर वेळी मुकाट देतात असं समजू नको हां," वहिनी म्हणाल्या. "एकदा दांडा घेऊन माडावर चढून बसले होते."

"म्हणजे तुम्ही बरे झालेले नाही," तरुणी म्हणाली. तिला स्वतःच्याच शब्दांची लाज वाटली, पण ते बाहेर पडले होते.

"नाही."

"मला वाटलं होतं, तुम्ही मनावर विजय मिळवला असेल."

"मनावर विजय मिळवला असे मलाही अधूनमधून वाटते," गुरुजी म्हणाले. "नेमकी तेव्हाच वहिनी दांडा मागायला येते."

तिने पर्समधून डबा काढून समोर ठेवला आणि तो कशासाठी आणला होता ते सांगितले. गुरुजींनी डब्याला हात लावला नाही.

"हे कधी ठरवलेस?"

"विमानात."

"जागी होतीस?"

"पूर्ण वेळ."

"आणि आज सकाळपासून जग फार सोपे वाटते आहे?"

तिने डबा हळूच स्वतःकडे ओढला.

"गोळ्या ठेवाव्या की बदलाव्या, हे मी सांगणारा कोण? ते तुझ्या डॉक्टरांसमोर बसून ठरव, खुशाल भांडून ठरव. मला खाडीचे तेवढे कळते. आज उधाण आहे. आज कुदळ नको." मग खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी आपली गोळी घेतली आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

तिनेही गोळी घेतली. वहिनी तिला आपल्या घरी घेऊन गेल्या, जेवू घातले आणि दिवा मालवून म्हणाल्या, "झोप नाही आली तरी आडवी हो." पडल्या पडल्या तिला वाटले, येताना वाटेतल्या एका वळणावर गाडीखाली कुणी आले असेल. मागे फिरून दोनदा पाहिले होते, तरी. हात फोनकडे गेला. अंधारात पलीकडच्या चटईवर वहिनींच्या बांगड्या किणकिणल्या. त्या जाग्या होत्या आणि काही विचारत नव्हत्या. हात फोनवर बराच वेळ राहिला. मग केव्हातरी तिला थोडीशी झोप लागली.

सकाळी ओहोटी होती. गुरुजी बांधावर काल सैल झालेली माती नुसती पाहत उभे होते. वहिनी दांड्याने उघाडी उघडत होत्या. तरुणी दगडांच्या ढिगावर बसली आणि तिने आईला फोन लावला.

"पोचलीस ना गं?" आई एका दमात म्हणाली. "आणि हे बघ, वाटेत काही झालेलं नाही हं, कुणाला लागलेलं नाही, तू कुणाला..."

"आई, थांब. हे आता सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही. रडले तरी नाही."

पलीकडे आईने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आणि मी झोपेनाशी झाले की माझ्याकडून गाडीची किल्ली मागायची. मी भांडेन. तरी मागायची. घरी आले की आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, तुला त्यांच्याकडून नीट ऐकू दे."

"अगं, पण तू विचारशील तेव्हा मी म्हणू तरी काय?"

उघाडीतून शेतातले पाणी खाडीत जाऊ लागले होते.

"काही म्हणू नकोस," ती म्हणाली. "फक्त फोन ठेवू नकोस."