सलग तीन बाजार

“...पण माई, साडेतीन हजार माणसांचं म्हणणं समिती टाळेल तरी कसं?”

अच्युत मास्तरांनी कागदांचा गठ्ठा माईंपुढे ठेवला. नदीकाठच्या लहानशा मठात माई चातुर्मासाच्या लक्ष वाती वळत बसल्या होत्या. मांडीवर कापूस, शेजारी परडी. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली समिती?”

मास्तर याच प्रश्नाची वाट पाहत होते. आठवडी बाजारांसाठी नवा कायदा येतोय. त्याचं विधेयक विधानसभेत मांडून झालं, आता ते आमदारांच्या समितीकडे तपासायला आहे, आणि समितीने लोकांकडून हरकती नि सूचना मागवल्या आहेत. मुदत सोमवारची. आहे तसाच कायदा झाला तर पोतं अंथरून भाजी विकणाऱ्या बायका बाजारातून उठणार... वर्गात फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं त्यांनी सगळं सांगितलं. मजकूर त्यांनीच लिहिला होता, छापून घेतला होता, महिनाभर फिरून सह्या-अंगठे गोळा केले होते.

“बावीस पानांचं विधेयक, माई. दोनदा वाचलं मी. तालुक्यात दुसऱ्या कुणी एकदाही वाचलं नसेल. आज रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतो. तेवढा आशीर्वाद द्या.”

“देते. आधी एक वाचून दाखवा.”

मास्तरांनी चष्मा पुसला. गोरगरिबांच्या पोटावर पाय देणाऱ्या या अन्यायकारक विधेयकाचा आम्ही तीव्र निषेध करतो. ते संपूर्ण मागे घ्यावे. खाली पार्वताबाईचा अंगठा.

माईंनी वळलेली वात परडीत टाकली. “पुढचा.”

“पुढचाही तोच आहे, माई.”

“अंगठा दुसरा आहे ना? वाचा.”

मास्तरांनी वाचला. परडीत वात पडली. तिसरा वाचला. चौथा. सातव्याला ‘अन्यायकारक’ गळलं. दहाव्याला ते ‘गोरगरिबांच्या’वरून थेट अंगठ्यावर आले. पंधरावा कागद त्यांनी गुडघ्यावर पालथा घातला.

“तेच तेच आहे हो सगळं.”

“मी ऐकतेय की. दमलात तुम्ही.”

मास्तर ओशाळले. थोडा रागही आला. महिनाभर चिखल तुडवला तो काय यासाठी?

पायरीवर कोंडाबाई टेकली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी अंबाडीची एक जुडी मठात द्यायची, हा तिचा नेम. माईंनी तिच्याकडे पाहिलं.

“तुझा अंगठा आहे का गं यात?”

“हाय की. मास्तरांनी बांधावर येऊन घेतला. हात चिखलाचा व्हता, तर सोताच्या रुमालानं पुसला त्यांनी.”

“मास्तर, बाजारातल्या जागेचं काय लिहिलंय, ते हिला सांगा.”

मास्तरांना पाठच होतं. “कलम नऊ. प्रत्येकीला तिच्या नावाने जागा मिळेल. जी सलग तीन बाजार गैरहजर राहील, तिची जागा रद्द होऊन दुसऱ्याला जाईल.” मग ते सरळ बसले. “खरं सांगायचं तर एवढं एक कलम मला बरं वाटलं. शिस्त हवी. शाळेतसुद्धा मी हजेरीवरून नावं कमी करत असे.”

कोंडाबाई पदराशी चाळा करत राहिली.

“मंग आवणीला काय करावं, मास्तर?”

“म्हणजे?”

“भात लावायला जातो ना आम्ही. चार-पाच बाजार कुणीच येत न्हाई. आत्ताच बघा, मागले चार बाजार चिखलातच व्हतो सगळ्या. उद्या पयला बाजार. उद्या जाऊन ज्येची त्येची जागा धरायची. लिंबाखाली मी, माझ्या बाजूला शांताची सासू. मोकळी असली तरी दुसऱ्याच्या जागंवर कुणी बसत न्हाई... तीन बाजारांत नाव कमी केलं, तर दर आवणीला साऱ्याच उठल्या की.”



मास्तरांचं लक्ष माईंच्या हातांकडे गेलं. पंधरा कागद वाचून होईतो जे हात एकदाही थांबले नव्हते, ते थांबले होते. वात अर्धी वळलेली तशीच चिमटीत होती.

“कोंडाबाई... हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही अंगठा मागितला, मास्तर.” ती सहज म्हणाली. “दिला.”

घाटावर कुणीतरी भांडी घासत होतं. 

“माई,” मास्तर म्हणाले, “बाकीच्यांना काय काय बोचतंय, ते तर मला ठाऊकच नाही. विचारायला गेलो तर आजची गाडी चुकणार.”

“उद्या भेटतील की साऱ्या एका जागी,” कोंडाबाई म्हणाली. “पण बोलायला लागल्या म्हंजी आवरायच्या न्हाईत, आधीच सांगते.”

“तेही करेन. रविवारच्या गाडीने जाईन. पण नवे कागद छापायचे कधी? आणि या साडेतीन हजारांचं काय करू मी?”

माईंनी हातातली वात पुरी केली आणि परडीत ठेवली. मग मास्तरांच्या गुडघ्यावरचा तो पालथा कागद उचलून तसाच पालथा त्यांच्या समोर फरशीवर ठेवला, आणि तळहाताने त्याची घडी मोडली.

“मागून कोरे आहेत की सगळे.”