चाळणघरातला दुष्काळ

त्या राज्यात पाणी भरपूर होते, आणि ते सगळे एकच म्हातारा बैल खेळते ठेवीत असे. राज्याच्या मध्यावर रहाट होता. बैल फिरे, पोहरे भरत आणि पाणी कालव्यांतून गडावरच्या दरबारापासून पायथ्याच्या वाडीपर्यंत जाऊन परत येई. वाटेत ते चाळणघरात धुतले जाई.

चाळणघर मुंग्यांचे होते. त्यांची रीत पाहून पाहुणे कपाळाला हात लावीत. आलेले सगळे पाणी त्या आधी बाहेरच्या चरात सोडून देत आणि मग त्यातले कामाचे तेवढे परत आत आणीत. शंभर घागरी सोडायच्या, नव्याण्णव माघारी आणायच्या आणि उरलेल्या एकीबरोबर राज्याची घाण वेशीबाहेर घालवायची. पाणी वाहण्याचे कष्ट मात्र त्यांना नव्हते. त्या चरातले मिठाचे खडे तेवढे आत नेत, पाणी मुकाट मागोमाग येई. पाण्याइतके मिठाला जागणारे त्या राज्यात दुसरे कोणी नव्हते.

धुरपा ही चाळणघराची मुकादमीण. जन्मात तिने उंबरा ओलांडला नव्हता, त्यामुळे राज्याविषयीची तिची मते ठाम होती. उंबरा ओला असला की सुकाळ, कोरडा असला की दुष्काळ.

एके वर्षी उंबरा कोरडा पडू लागला. बैल थकला होता, रहाट रेंगाळत होता. पण ते दिसायला बाहेर पडावे लागले असते. धुरपाने दरबारात वर्दी धाडली, "दुष्काळ पडला आहे. तजवीज व्हावी." मग ती मुंग्यांवर कडाडली, "एक खडा वाया गेला तर याद राखा!" मुंग्यांनी चर चाटूनपुसून लख्ख केला. मीठ आत आले, त्यामागे पाणी आले. ते वर ओढणे रहाटाला झेपेना, म्हणून उतार सापडेल तिकडे जाऊन ते साचले. उतार पायथ्याच्या वाडीकडे होता.

त्याच वाडीत धुरपाची लेक तानू दिली होती. तिचा निरोप आला, "आई, वारुळात पाणी शिरलंय. अंडी डोक्यावर घेऊन उभी आहे."

"दुष्काळात कसलं गं पाणी?" धुरपा निरोप्यावरच खेकसली. "काम नको, दुसरं काय!" पण लेकीच्या काळजीने तिने त्याच दिवशी आणखी एक वर्दी धाडली.

वाडीतल्या चिखलाचा वास गडावर पोचला तेव्हा दरबाराला जाग आली. निचऱ्याचा मोठा जाणकार म्हणून एक बगळा आला. बैलाकडे त्याने पाहिले नाही. ते खाते त्याचे नव्हते. मीठ ज्या वळणदार बोगद्यातून आत जाई, त्यात त्याने एक पाय रोवला आणि डोळे मिटले. मुंग्या अडल्या, मीठ चरातच राहिले, पाणीही त्याच्यासोबत थांबले, आणि दोघे धो धो वेशीबाहेर गेले. बैलाचा थोडा खुराकही त्या लोंढ्यात वाहून गेला, पण एवढ्या मोठ्या कामात तेवढे चालायचेच.

आठ दिवसांत वाडीची जमीन दिसू लागली. तानूने अंडी खाली ठेवली. बगळ्याला शाल-श्रीफळ मिळाले. धुरपाला हायसे वाटले, ती चक्क रडली. डोळे पुसून पाहते तो उंबरा ठणठणीत कोरडा! लगेच वर्दी गेली. बोगदा अडलेला, म्हणून तिने मुंग्यांना चराच्या पुढच्या बिळाशी लावून मीठ वाचवले, तसे वाडीत पुन्हा पाणी चढले. बगळ्याने तिथे दुसरा पाय रोवला. असे किती वेळा झाले कोण जाणे. शेवटी तानूचा निरोप आला, "आई, उचल-ठेव करून निम्मी अंडी नासली. आता उरलेली तरी वाचव."

तेव्हा कुठे धुरपाने उंबरा ओलांडला. मधल्या मध्ये पाणी कोण गिळतो, त्याला धरायचेच म्हणून ती कालव्याच्या कडेने निघाली. वाटेत कालव्यांची तोंडे दगड लावून आवळलेली होती. दुष्काळाची तजवीज असावी, असे म्हणत ती रहाटापाशी पोचली.

बैलाच्या बरगड्या दिसत होत्या. पाठभर वळ होते. काही वाळलेले, काही खपली धरलेले, एक अजून ओला.

"कुणी रे मारलं याला इतकं?" तिने रहाट हाकणाऱ्या माकडाला विचारले.

"वरनं हुकूम येतो," माकड म्हणाले. "खालनं दुष्काळाची वर्दी आली, की कालवे आवळायचे आणि याला एक फटका जास्त."

धुरपा शेपटीकडून वळ मोजू लागली. प्रत्येकाची तिथी तिला तोंडपाठ होती. मानेपर्यंत जाण्याचा धीर तिला झाला नाही.

"बाई, तुमच्याकडं पोचतंय ना पाणी?" बैलाने विचारले. "मी कमी नाही पडू देत."

तेवढ्यात कालव्याच्या कडेने तिच्याच हाताखालची मुंगी धापा टाकत आली आणि गडाकडे धावता धावता ओरडली, "उंबरा कोरडा! उंबरा कोरडा!"

माकडाने आसूड उचलला नव्हता. बैलाने आधीच डोळे मिटून जुवाला खांदा लावला होता.