वितळलेली पंक्ती

एकदा एका समुद्रकाठच्या नगरात कॅथेड्रलवर वीज कोसळली. छताने पेट घेतला. लोकांनी आग विझवली खरी, पण छताखालच्या प्राचीन ऑर्गनमधील मुख्य पंक्ती, म्हणजे ज्या नळ्यांच्या सुराच्या आधाराने सारा समुदाय गात असे ती, वितळून राखेत मिसळली; बाकीच्या पंक्ती तेवढ्या वाचल्या.

हा ऑर्गन त्या नगराचा अभिमान होता. पहिल्या कारागिराने तो बांधला तेव्हा त्यात मोजक्याच नळ्या होत्या, आणि भाते दाबायला धट्टीकट्टी माणसे लागत. पुढे प्रत्येक पिढीने त्यात आपली एक पंक्ती भरली. कुणाची पाव्यासारखी मृदू, कुणाची रणशिंगासारखी. सध्याच्या वृद्ध कारागिराच्या पंक्तीची ख्याती तर अशी, की ती वाजू लागताच बंदरावरचे हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट थबकत.

आग्नेस ही त्याची शिष्या. धातूचा पत्रा ओतणे, तो गुंडाळून नळी करणे, नळीला ओठासारखी फट कापून तिला बोलती करणे, सारे ती त्याच्याकडेच शिकली. मुख्य पंक्ती नव्याने घडवण्याचे काम त्याने तिच्यावर सोपवले. पण युद्धामुळे जहाजे अडली होती. नळ्यांसाठी लागणारे कथील कुठेच मिळेना. नाताळ जवळ आला, तशी बिशपांनी चौकशी केली, "यंदा लोकांनी गायचे कशाच्या आधाराने?"

एके सकाळी आग्नेस कार्यशाळेत आली, तर भट्टी पेटलेली. वृद्ध कारागीर आपल्याच पंक्तीतील नळ्या मुशीत सोडत होता. तिने धावत जाऊन त्याचा हात धरला.

"गुरुजी, हे काय करताय? या ऐकायला लोक परगावाहून येतात!"

"हात सोड, पोरी. भाजेल."

"आणि माझ्या हातून तुमच्या तोडीची नळी झाली नाही तर?"

म्हाताऱ्याने चिमटा खाली ठेवला.

"हे कथील मला कुठून मिळाले असे वाटते तुला? माझ्या गुरूंनी स्वतःची पंक्ती माझ्यादेखत वितळवली. तेव्हा मीही असाच आडवा आलो होतो. त्यांच्या नळ्या गेल्या, पण त्यांनी घडवलेला माझा कान राहिला. माझी पंक्ती लोक ऐकत असत. तुझ्या पंक्तीवर लोक गाणार आहेत. आणि तोडीचे म्हणशील, तर ज्याच्या शिष्येचा हात कच्चा असेल, त्याने आपल्या नळ्या खुशाल जपाव्यात. मला ती गरज नाही."

आग्नेसने बाह्या सरसावल्या आणि पुढची नळी स्वतः मुशीत सोडली.

नाताळच्या उपासनेत पहिल्या गीताला मुख्य पंक्ती बोलली. सूर भरदार होता, स्थिर होता. आधी पुढच्या रांगांतली माणसे गाऊ लागली, मग दारापाशी उभे राहिलेले खलाशीही. वृद्ध कारागीर लोकांत बसून मोकळ्या गळ्याने गात होता.

उपासना संपताच बिशप त्याच्यापाशी आले. "धन्य आहात. तुमचा ऑर्गन पुन्हा बोलू लागला."

म्हातारा उठून उभा राहिला, बाजूला सरला आणि आग्नेसकडे हात करून म्हणाला, "यांना सांगा. इथल्या कारागीर आता या आहेत."

आजवर त्याने तिला कधी 'अहो-जाहो' केले नव्हते. आग्नेसने मान ताठ केली आणि बिशपांना नमस्कार केला.