यादीत नसलेली शेजारीण

“नाडगौडा सर आज अभिरामला दाराबाहेर काढणार आहेत, कारण त्यानं—”

वरच्या मजल्यावरची कुंदा जिन्यात एवढंच म्हणाली. तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती आत पळाली. कारण राहिलंच.

आता अर्धं ऐकून मला घास उतरतो होय! दोन थालीपीठं ताटलीत घेतली आणि सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं.

सर निवृत्त झाल्यापासून घरीच कॉम्प्युटर शिकवतात. अभिराम त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक. मुलींच्या एका वसतिगृहाच्या अर्जांच्या छाननीचं काम त्याला मिळालं होतं. त्याच संध्याकाळी पाचला निवड जाहीर व्हायची होती. सरांच्या मांडीवर छापील अर्जांचा गठ्ठा होता.

“चारशे बारा अर्ज, सर. तीन सेकंद!” तो सांगत होता. “सगळे एकाच साच्यात, एक्सएमएलमध्ये. माझी क्वेरी, म्हणजे चाळणीचा प्रोग्रॅम, पालकाशी नात्याचा रकाना वाचते. तिथं ‘आई’ असेल तर अर्ज पुढे, ‘वडील’ असेल तर पुढे. आजी, आजोबा, मामा, काका, मावशी, आत्या... सगळी नाती घातलीत.”

“यातलं एकही नसेल तर?”

“तर शेवटची ओळ. नामंजूर.”

“ती का लिहिलीस?”

“लिहावीच लागते. त्याशिवाय ही भाषा चालतच नाही.” तो हसला. “नावापुरती आहे, सर.”

सरांनी गठ्ठ्यातून एक अर्ज वर काढला.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी अजून उंबऱ्यातच.

“या तुझ्या कोण?”

“काकू? शेजारच्या.”

“तुझ्या यादीत बघ. आई?”

“नाही.”

“मावशी? आत्या?”

“नाही, पण—”

“मग शेवटची ओळ चालव.”

“काकूंवर?”

“त्यांच्यावरच.”

बिचारा उठला. “सॉरी हं, काकू,” म्हणाला, आणि दार माझ्या तोंडावर लागलं.

बावीस वर्षांत या दारानं मला पहिल्यांदा बाहेर ठेवलं. मी तरी काय करणार? कान लावला.

आत कागद खसखसले. “वाच,” सर म्हणाले.

“अर्ज क्रमांक दोनशे सात. रेवती पाचंगे. दहावीला एक्क्याण्णव टक्के. आईवडील हयात नाहीत. सांभाळ करणाऱ्या व्यक्तीशी नातं: शेजारीण.”

“तुझी क्वेरी काय म्हणते?”

“नामंजूर.”

थालीपीठांची वाफ गेली. शेवटी कडी वाजली. अभिराम खाली बघत उभा होता.

“या, काकू.”

म्हणजे कुंदाची बातमी निम्मी खरी निघाली. बाहेर काढलं खरं सरांनी, पण मला.

अभिराम पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला. ‘नामंजूर’ पुसलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. त्याची बोटं तशीच थांबली.

“सर, मग शेवटच्या ओळीत काय लिहू?”

सरांनी थालीपीठाचा तुकडा मोडला.

“मला काय विचारतोस? बाहेर उभ्या होत्या त्यांना विचार.”