वाऱ्याची कारभारीण

त्या वारुळात वारा आपण होऊन कधी येत नसे; त्याला वाट काढून द्यावी लागे. तळाशी बुरशीचे मळे, मळ्यांशेजारी पिल्लांची दालने, आणि तिथवर हवा नेणारी भुयारे खणती नावाच्या वाळवीने तोंडाने माती उपसून काढलेली. कुठले भुयार कोंदले ते ती नुसत्या वासावरून सांगे. म्हणून राणीने तिला वाऱ्याची कारभारीण केले.

रिवाज असा, की कारभारणीने मातीला तोंड लावायचे नाही. राणीच्या उजवीकडे बसायचे आणि राणीच्या ताटातले खायचे. राणीचे दालन साऱ्या वारुळात हवेशीर. तिथे कोंदल्याचा वास येणार कुठून? खालचा निरोप सात जणींच्या तोंडून वर येई आणि दर तोंडागणिक गोड होत जाई. तळातून "गुदमरतोय" म्हणून निघालेला निरोप वर पोचेपर्यंत "जरा ऊब आहे" इतकाच उरे.

राणीला वारूळ उंच हवे होते, पलीकडच्या माळावरून दिसेल इतके. खणती एकदा धीर करून म्हणाली, "नवी भुयारं काढल्याशिवाय उंची वाढवली, तर तळाचा श्वास कोंडेल."

राणीने मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. मग पावसाळ्याआधी किती हात वाढेल?"

खणतीने आकडा सांगितला. त्याची लाज तिला पुढे रोज वाटली, पण ताटही रोज भरून येत होते.

एके दिवशी तिची जुनी जोडीदारीण भुरकी साऱ्या निरोप्यांना डावलून थेट वर आली. पूर्वी दोघी पाठीला पाठ लावून खणत. आज ती दारातच थांबली.

"बाईसाहेब, पिल्लं माना टाकायला लागलीत. एकच भुयार चालू आहे, आपण दोघींनी काढलेलं."

'बाईसाहेब' हा शब्द खणतीला लागला. ती भरल्या ताटावरून उठली, रिवाज झुगारला आणि त्या भुयारात शिरली. आत जाताच तो ओळखीचा कोंदट वास आला आणि तिला रडूच फुटले. आता दुसरी वाट काढायची, एवढेच तिच्या मनात होते.

अर्ध्यावर ती पोटाशी अडकली. पूर्वी या भुयारातून दोघी शेजारी शेजारी जात. तिने भिंतीला तोंड लावले. माती जराही सुटली नाही. मागेही सरकता येईना.

भुरकीने मागून तिचे पाय ओढून पाहिले. मग दमून म्हणाली, "बाईसाहेब, वाट सोडा."

वरून येणारा वारा खणतीच्या पाठीवर येऊन थांबत होता. तिच्या पुढे, खाली, काहीच हलत नव्हते.